१० कोटी डॉलर ओतूनही रिक करुसो लॉस एंजेलिसचे महापौर का झाले नाहीत?

तुमचा प्रश्न असा की २०२२ साली मॉल बांधणाऱ्या या अब्जाधीशाने, करुसोंनी, स्वतःच्या खिशातून एवढा पैसा घातला, समोरच्या उमेदवार कॅरन बॅस यांच्या दहापटीहून जास्त खर्च केला, आणि तरी ते पडले कसे. मी त्या शहराचा मतदार आहे. सॅन फर्नांडो व्हॅलीत राहतो, इमारतींच्या स्ट्रक्चरल डिझाइनचं काम करतो. जूनच्या प्राथमिक फेरीत (तिथे कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांची गाठ नोव्हेंबरमध्ये पडते) मी करुसोंना मत दिलं होतं, नोव्हेंबरमध्ये दिलं नाही. म्हणजे उत्तराचा निदान एक तुकडा तरी माझ्याकडे आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की कोण्या अब्जाधीशाला लहर आली आणि तो उभा राहिला. तसं नव्हतं. करुसो विशीत असतानाच शहराच्या पाणी-वीज मंडळावर होते. पुढे पोलीस आयोगाचे अध्यक्ष झाले, २००२ मध्ये विल्यम ब्रॅटन पोलीसप्रमुख म्हणून आले ते त्यांच्याच काळात. महापालिका कशी चालते हे त्यांना आमच्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक होतं. शिवाय १९९३ मध्ये रिचर्ड रिऑर्डन नावाचे उद्योजक स्वतःचा पैसा लावून इथे महापौर झालेही होते, १९९२ च्या दंगलीनंतर शहर हादरलेलं असताना. तेव्हा वाट अगदीच अनोळखी नव्हती.

आणि २०२२ मध्ये शहर वैतागलेलं होतंच. त्या वर्षीच्या गणतीत शहरात ४१,९८० बेघर माणसं मोजली गेली. माझ्या ऑफिसच्या रस्त्यावर फूटपाथभर तंबू असायचे. रोज त्यांना वळसा घालून रस्त्यातून चालायचं, आणि मग दिवसभर मनात दोन गोष्टी भांडत राहायच्या: यांचं कसं होणार, आणि हे असं किती दिवस चालणार. करुसोंनी नेमकं या दुसऱ्या भावनेला हात घातला.

प्रचार कसा होता ते आईच्या तोंडून सांगतो. ती तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. दुपारी यूट्यूबवर मराठी मालिका लावायची. भाग सुरू व्हायच्या आधी करुसो, मध्ये करुसो, संपताना पुन्हा करुसो. आठवडाभराने म्हणाली, "अरे, हा तुमचा महापौर का? रोज येतो." म्हटलं, अजून नाही, व्हायचं म्हणतोय. "मग आत्तापासनंच एवढा का येतो?"

हसू नका, पुढे हाच प्रश्न लोकांना पडला. खर्चाचा आकडा वाढत गेला तशी जाहिरातीत काय सांगितलंय यापेक्षा जाहिरातींना किती लागले याचीच बातमी व्हायला लागली. आपण वर्षाला एकच डॉलर पगार घेऊ असं त्यांनी जाहीर केलं. सल्लागारांना हे फार उमदं वाटलं असणार. आमच्या घरी बायको म्हणाली, "पगार सोडता येतो त्याला आपल्या भाड्याचं काय कळणार?"

दारावरही माणसं पाठवली होती त्यांनी, पगारी. एका शनिवारी टॅब घेऊन एक मुलगा आला. भला पोरगा होता, घामाघूम झालेला, पाणी दिलं. सगळे मुद्दे घडाघडा बोलला. मी सहज विचारलं, तू स्वतः कुणाला देणार? तर म्हणाला, मला मत नाही, मी बरबँकला राहतो. (बरबँक ही वेगळी नगरपालिका. लॉस एंजेलिस काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात, अशी ८८ शहरं आहेत, एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते पाटी पाहिल्याशिवाय कळत नाही.) दोन आठवड्यांनी बॅस यांच्या बाजूने आमच्याच गल्लीतल्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. त्यांना मुद्दे नीट मांडताही आले नाहीत, पण त्या शेजारच्या होत्या.

आता पक्षाचं. महापौराच्या मतपत्रिकेवर इथे पक्षाचं नाव नसतं, पण शहर डेमोक्रॅटिक आहे हे पोराटोरालाही ठाऊक. करुसो बरीच वर्षं रिपब्लिकन होते, नंतर कुठल्याच पक्षाचे नव्हते, आणि जानेवारी २०२२ मध्ये, उमेदवारी जाहीर करण्याच्या महिनाभर आधी, डेमोक्रॅट म्हणून नोंदले गेले. आपल्याकडे ऐन निवडणुकीच्या तोंडावर पक्ष बदलला तर कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. इथे उंचावल्या. त्यात वेळेनं दगा दिला. प्राथमिक फेरी ७ जूनला झाली आणि २४ जूनला सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला. तो हक्क कॅलिफोर्नियाच्या घटनेत लिहिण्याचा प्रस्तावही नोव्हेंबरच्याच मतपत्रिकेवर आला. करुसोंनी त्याला पाठिंबा दिला, पण पूर्वी गर्भपातविरोधी रिपब्लिकन नेत्यांना त्यांनी दिलेल्या देणग्या तोवर पत्रकांवर छापून घरोघरी पोचल्या होत्या. महापौराचा गर्भपाताच्या कायद्याशी काय संबंध? काहीच नाही. पण मत देताना माणूस विषयांचे कप्पे करत नाही.

७ जूनच्या रात्रीचं सांगायलाच हवं. त्या रात्री करुसो पाच टक्क्यांनी पुढे होते आणि लोक धरूनच चालले होते की आता हेच. पण इथे प्रत्येक मतदाराला मतपत्रिका घरपोच येते, ती शेवटच्या दिवशी टपालात टाकली तरी चालते. त्या पत्रिका मोजायला दिवसच्या दिवस लागले. मोजणी पुढे सरकली तसे ते मागे पडत गेले, शेवटी बॅस ४३ टक्के आणि करुसो ३६. माझ्या मते ही निवडणूक तिथेच हरली गेली, नोव्हेंबरला फक्त शिक्का बसला. आणखी एक बदल लोक विसरतात. पूर्वी महापौराची निवडणूक विषम वर्षी, एकटीच व्हायची आणि २०१३ किंवा २०१७ ला पंचवीस टक्केही मतदार फिरकले नव्हते. २०२२ ला ती पहिल्यांदा गव्हर्नरच्या निवडणुकीबरोबर आली आणि नोव्हेंबरला मतदान चाळिशीच्या पुढे गेलं. जुन्या पद्धतीनं, स्वतःचं घर असलेले वयस्कर मतदारच आले असते तर करुसो निघाले असते, असा माझा अंदाज आहे. सिद्ध करून दाखवता येणार नाही.

माझं मत का फिरलं? दोन कारणं. पहिलं धंद्याचं. ३०० दिवसांत ३०,००० खाटांचे निवारे उभारू, असं त्यांचं वचन होतं. दिवसाला शंभर. मी या शहरात नकाशे मंजूर करून घेण्यात वीस वर्षं घालवली आहेत. एका साध्या दुमजली इमारतीची फाइल शेरे खाऊन किती वेळा परत येते ते मला विचारा. शिवाय आरोग्य आणि समाजसेवेची खाती काउंटीच्या निवडून आलेल्या पाच पर्यवेक्षकांकडे, आणि महापौराच्या डोक्यावर पंधरा जणांचं सभागृह. बॅस यांचा आकडाही काही लहान नव्हता, पहिल्या वर्षी १७,००० जणांना घरात आणायचं म्हणत होत्या. पण त्या निदान काउंटीशी कसं जुळवून घेणार ते बोलत होत्या.

दुसरं कारण जरा वेगळं. करुसोंची ओळख म्हणजे द ग्रोव्ह, २००२ पासूनचा त्यांचा मॉल. उघड्यावरचा रस्ता, मधून ट्राम, गाण्यावर नाचणारं कारंजं, कागदाचा कपटा दिसणार नाही. मला आवडतो, मुलांना किती वेळा नेलंय. 'मी हे करून दाखवलं, शहरही करीन' हाच त्यांचा सगळा दावा होता. ऑक्टोबरमध्ये तिथल्या बाकावर बसलो असताना एक माणूस पाठीवर बोचकं घेऊन आत आला. दोन सुरक्षारक्षक हसतमुखाने त्याच्याजवळ गेले, काहीतरी बोलले, आणि त्याला हळूच फाटकाबाहेर नेऊन सोडलं. आरडाओरडा नाही, धक्काबुक्की नाही. तो बाहेर ज्या फूटपाथवर उभा राहिला तो महापालिकेचा होता. घरी आलो आणि मतपत्रिका भरली.

शेवटचे काही आठवडे चुरशीचे झाले. सप्टेंबरमधली बॅस यांची पंधरा टक्क्यांची आघाडी नोव्हेंबरच्या चाचणीत चारवर आली होती. त्यातच ऑक्टोबरमध्ये नगरसेवकांच्या वर्णद्वेषी संभाषणाची ध्वनिफीत फुटली, सभागृहाच्या अध्यक्षा नुरी मार्टिनेझ यांना राजीनामा द्यावा लागला, आणि 'आतल्यांना हाकला' म्हणणाऱ्या करुसोंना आयता मुद्दा मिळाला. ८ नोव्हेंबरला मतदान झालं, निकाल स्पष्ट व्हायला आठवडा गेला. बॅस जवळपास ५५ टक्के, करुसो ४५. एका अर्थी ४५ टक्के म्हणजे कमी नाही.

पश्चात्ताप होतो का, असं मला नेहमी विचारतात, जानेवारी २०२५ मध्ये शहराच्या किनाऱ्याकडच्या पॅलिसेड्स भागात लागलेल्या आगीनंतर तर फारच. आग लागली तेव्हा बॅस घानाच्या दौऱ्यावर होत्या. करुसोंचा पॅलिसेड्समधला मॉल खासगी अग्निशमन दलाने वाचवला. आमच्या व्हॉट्सॲप गटात त्या आठवड्यात एकच फोटो फिरत होता, मॉल उभा आणि भोवतालच्या गल्ल्यांची राख. करुसोंचे समर्थक तो 'बघा' म्हणून पाठवत होते, आणि विरोधकही 'बघा' म्हणूनच.