मामांचे उपकार आणि पतसंस्थेतली नोकरी

पत्र: मी भिलवडीजवळच्या एका गावातली. २०१९ ला सांगलीत बी.कॉम.ला प्रवेश घेतला आणि ऑगस्टमध्ये घरात पुराचं पाणी आलं. २०२१ मध्ये कोरोनात वडील गेले, त्याच जुलैत पुन्हा पूर. अकाउंटन्सी आणि स्टॅटिस्टिक्स राहिले, एक वर्ष परीक्षेचा फॉर्मच भरला नाही. दोन वर्षं तासगावात बेदाण्याच्या शेडवर हिशेब लिहिले. २०२५ ला एकदाची पदवी मिळाली, ५२ टक्के फक्त. आई द्राक्षबागेत मजुरीला जाते, फी मामांनी भरली. मामा म्हणतात, ओळखीच्या पतसंस्थेत क्लार्क म्हणून लाग. मला बँकेच्या परीक्षा द्यायच्यात. एवढं केलेल्या माणसाला नाही कसं म्हणू? आणि सहा वर्षं का लागली असं मुलाखतीत विचारलं तर?

उत्तर: आधी अभिनंदन. आणि ५२ टक्क्यांपुढचा तो ‘फक्त’ खोडून टाक. सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या क्लार्क किंवा पीओच्या (प्रोबेशनरी ऑफिसर) परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, टक्क्यांची किमान अट नसते आणि ती किती वर्षांत मिळवली हे अर्जात आडवं येत नाही. आडवं येतं ते वय. क्लार्कसाठी २० ते २८, पीओसाठी २० ते ३०. तू चोवीसची असशील, म्हणजे घाई नाही, पण लोळत बसायलाही वेळ नाही. क्लार्कची परीक्षा इंग्रजीचा भाग सोडून मराठीतून देता येते. तिथूनच सुरुवात कर.

आता मामा. मामांनी फी भरली ती भाची शिकावी म्हणून. पतसंस्थेला क्लार्क मिळावा म्हणून भरली, असं तुझ्या पत्रात तरी कुठे दिसत नाही. ही गाठ बहुधा तूच मारलीयस. घरातल्या पहिल्या पदवीधराचं हे हमखास होतं. ज्यांनी ज्यांनी हात दिला त्यांचं देणं पहिल्याच नोकरीत फेडायला निघतात आणि मग पाच वर्षांनी त्याच माणसांवर मनात चिडतात. उपकाराचा हिशेब वेगळा ठेव, नोकरीचा वेगळा.

नोकरी म्हणून पाहिलं तर पतसंस्था वाईट नाही. रोजकीर्द, कॅश मोजणं, कर्जाची फाइल, संध्याकाळी रोजची बचत गोळा करणारे पिग्मी एजंट आले की त्यांचा भरणा जुळवणं, हे सगळं पुढे बँकेत कामी येतं. पण भरणा दहा रुपयांनी जुळला नाही तर सात वाजले तरी उठता येत नाही, मग अभ्यास कधी करणार? म्हणून लागण्याआधी तीन गोष्टी विचार: पगार किती, सुटायची वेळ काय आणि परीक्षेच्या दिवशी रजा मिळेल का.

आणि मामांना आजच सांग, चोरून अभ्यास करू नकोस. त्यांनी तिथे शब्द टाकला आणि तू वर्षभरात अचानक सोडलंस, तर मान त्यांची खाली जाईल. साधं बोल: “मामा, तुमच्यामुळे शिकले. पतसंस्थेत लागते, काम मन लावून करेन. पण बँकेच्या परीक्षा देणार आहे, पास झाले तर ही नोकरी सोडेन. त्यांनाही हे आधी सांगून ठेवा.” एवढं ऐकून मामा हो म्हणाले तर खुशाल लाग. ‘सोडायचं नाही’ अशी अट आली तर लागू नकोस. चार दिवस रुसतील. भाचीवर मामा किती दिवस रुसणार!

फीचा आकडा मात्र वहीत लिहून ठेव. पगार सुरू झाला की थोडे थोडे द्यायला जा. बहुतेक घेणार नाहीत, पण आपण न्यायचे. आईला आधी विचार, तिला काय हवंय. परस्पर साडी घेऊ नकोस. दोन हंगाम बागेतली मजुरी बंद करायची असेल तिला.

मुलाखतीत सहा वर्षांचं विचारलं तर पुरावर सगळं ढकलू नकोस. नापास झालीस तेही सांग, समोरच्याच्या हातात मार्कलिस्ट असतं. असं काहीतरी म्हण: “पहिल्या वर्षी घरात पूर आला, २०२१ ला वडील गेले. माझे दोन विषय राहिले, एक वर्ष फॉर्म भरू शकले नाही. त्या काळात बेदाणा शेडवर हिशेब बघत होते आणि राहिलेले विषय काढून पदवी पूर्ण केली.” इतकंच, आणि थांबायचं. रडवेलं व्हायचं कारण नाही.

त्यातल्या शेडच्या कामावर तू पत्रात एकच ओळ खर्च केलीस, त्याचं मला नवल वाटलं. किती बॉक्स आले, किती सौद्याला गेले, वजनात तूट किती, हमाली-गाडीभाडं कुणाच्या खात्यावर, हे दोन वर्षं लिहिणारी मुलगी अकाउंट्सचीच नोकरी करत होती की! कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’च्या मुलखात राहून त्याची लाज कसली? बायोडेटात शिक्षणाच्या लगेच खाली ते लिही आणि शेडमालकाकडून दोन ओळींचं अनुभवपत्र घे. तो देईल, दिवाळीआधी गाठ म्हणजे झालं.

शेवटी एक. बारावीचं मार्कलिस्ट पुरात भिजून फाटल्याचं तू तळटीपेत लिहिलंयस. खरं तर ते पहिलं काम. ज्युनिअर कॉलेजमध्ये जाऊन दुय्यम प्रतीचं विचार, ती कोल्हापूर विभागीय मंडळाकडून मिळते. पदवीच्या सगळ्या सेमिस्टरची मार्कलिस्टं, नापासाचीसुद्धा, स्कॅन करून डिजिलॉकरमध्ये नाहीतर निदान ईमेलवर ठेव. आणि पदवीचा निकाल कोणत्या तारखेला लागला ते पक्कं बघून घे, जाहिरातीतल्या शेवटच्या तारखेशी ते ताडून बघतात.