टॅम्पातला मुलगा आणि नकाशावरचा शंकू

प्रश्न : मुलगा आणि सूनबाई फ्लोरिडातील टॅम्पा येथे राहतात. हरिकेनची बातमी आली की मी रात्रभर मोबाइलवर नकाशा पाहत बसते; जिवाला घोर लागतो. काय करावे? – एक वाचक, पुणे

उत्तर : मायामीचे राष्ट्रीय हरिकेन केंद्र सहसा दर सहा तासांनी नवा अंदाज देते, ऑक्टोबरअखेरपर्यंत आपल्याकडे तेव्हा सकाळचे वा रात्रीचे साडेआठ, दुपारचे वा मध्यरात्रीनंतरचे अडीच वाजलेले असतात. मधल्या वेळात वाहिन्या बहुधा तेच दळण दळतात, तेव्हा रात्रीचा अंदाज पाहून खुशाल झोपावे. नकाशावरचा शंकू वादळाच्या केंद्राचा संभाव्य मार्ग दाखवतो, वादळाचा विस्तार नव्हे. २०२२ मध्ये इयान या हरिकेनचा रोख आधी टॅम्पाकडे दिसत होता, परंतु २८ सप्टेंबरला ते बरेच दक्षिणेला, फोर्ट मायर्सजवळ धडकले. त्यामुळे मधली रेघ पाहून धसका घेणे आणि निर्धास्त होणे, दोन्ही चुकीचेच.

मुलाला मात्र एक अवश्य विचारा : घर कोणत्या स्थलांतर विभागात येते? हे विभाग प्रामुख्याने समुद्राच्या उधाणाचा धोका पाहून आखलेले असतात आणि ‘ए’ विभाग सर्वांत आधी रिकामा करायला सांगतात. वीज गेल्यावर फोन लागणार नाही असे धरूनच, ती दोघे कुठे जाणार आणि निरोप कोणामार्फत येणार, हे आताच ठरवून घ्या.