हप्ता दरमहा, आंबा वर्षातून एकदा

बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: मुलीला मास मीडियाला जायचे आहे, फी भरमसाट आहे, कर्ज काढले तर ते फिटण्याइतका पगार तिला मिळेल का? रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात करिअर समुपदेशन करताना हा प्रश्न मी इतक्या घरांतून ऐकला आहे की त्याचे उत्तर एका घराच्या हिशेबातूनच द्यावे असे मला वाटते. कुटुंबाच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, तो हिशेब येथे मांडत आहे.

कुटुंब देवगड तालुक्यातले. वडिलांची हापूसची साठेक कलमे, आई कोकमाचे आगळ आणि आंबापोळी करून विकते, थोरली मुलगी बारावी झालेली आणि धाकटा मुलगा नववीत. बाळशास्त्री जांभेकरांचे पोंभुर्ले याच तालुक्यातले. त्यांच्या 'दर्पण' या मराठीतील पहिल्या वृत्तपत्राचा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी निघाला, त्या दिवसाच्या स्मरणार्थ तेथे होणाऱ्या कार्यक्रमाला शाळेने मुलांना नेले होते, आणि तेव्हापासून मुलीने पत्रकार व्हायचे मनाशी धरले होते. तिने मोबाइलवर काढलेली रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून होणाऱ्या मासेमारीची, चार मिनिटांची चित्रफीत मला दाखवली. दोर ओढणाऱ्यांच्या चेहऱ्यांऐवजी वाळूत रुतणाऱ्या टाचा तिने टिपल्या होत्या, आणि शेवटी एका म्हाताऱ्या रापणकराला त्या दिवशीच्या मासळीबद्दल बोलते केले होते. या मुलीला नजर आहे याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही. त्यामुळे तिने या क्षेत्रात जावे की नाही हा प्रश्न माझ्यापुरता मिटला. किती पैसे मोडून जावे, एवढाच उरला.

पुण्यातील एका खासगी विद्यापीठाने तिला तीन वर्षांच्या पदवीसाठी प्रवेश देऊ केला होता आणि जागा राखण्यासाठी आठ दिवसांत पन्नास हजार रुपये भरण्यास कळवले होते. वर्षाची फी ३ लाख, वसतिगृह व जेवण १ लाख, म्हणजे तीन वर्षांचे १२ लाख. "मुलींचे शिक्षण मोफत झाले ना, मॅडम?" असे वडिलांनी आरंभीच विचारले. हा गैरसमज फार घरांत आहे. राज्य शासनाचा जुलै २०२४ चा निर्णय केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या आणि ठरावीक प्रवर्गांतील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींसाठी आहे. खासगी विद्यापीठे त्यातून वगळलेली आहेत.

वडिलांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून सातबारा काढून टेबलावर पसरला. त्यावर अकरा नावे होती, त्यांतील पाच जण मुंबईत. निवडक नामांकित संस्था सोडल्या तर साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणतः तारण मागतात, आणि कर्जवसुलीचा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नसल्यामुळे कलमांच्या बागेवर असे कर्ज द्यायला त्या सहसा राजी नसतात. सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या मिळाल्या असत्या तरी अखेर तारण म्हणून राहते घरच पुढे आले असते.

मग मी कागद घेतला आणि मुलीलाच आकडे मांडायला सांगितले. दरवर्षी ४ लाख उचलायचे, व्याज ११ टक्के धरायचे. शिक्षणाची तीन वर्षे आणि नंतरचे एक वर्ष हप्ता नसतो, हे तिला माहीत होते. त्या काळातही सरळव्याज चढत असते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. पहिल्या ४ लाखांवर चार वर्षांचे १ लाख ७६ हजार, दुसऱ्यांवर तीन वर्षांचे १ लाख ३२ हजार, तिसऱ्यांवर दोन वर्षांचे ८८ हजार. पहिला हप्ता सुरू होताना डोक्यावर जवळजवळ १६ लाख. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे २२ हजार. पंधरा वर्षे घेतली तर हप्ता १८ हजारांवर उतरतो, पण एकूण परतफेड साडेसव्वीस लाखांच्या जवळपास होती ती साडेबत्तीस लाखांपलीकडे जाते. तिने बेरीज दोनदा तपासली.

पगाराच्या रकान्यात तिने ३५ हजार लिहिले होते, कारण माहितीपुस्तिकेत वर्षाला सरासरी ५ लाखांचे पॅकेज छापले होते आणि कापून हाती येणारा आकडा तिने स्वतःच अंदाजाने धरला होता. सरासरी या शब्दापाशी मी प्रत्येक घरात थांबते. एका-दोघांना जाहिरात संस्थेत किंवा मोठ्या कंपनीच्या संपर्क विभागात घसघशीत पगार मिळाला की सरासरी वर चढते. विचारायचे ते हे की शंभर मुलांच्या वर्गात पगारानुसार पन्नासावा कोण आणि त्याला किती मिळतात, नोकरी न मिळालेले हिशेबात धरले आहेत का, आणि बातमीदारीत गेलेल्यांचा आकडा वेगळा मिळेल का. तिने हे प्रश्न संस्थेला ईमेलने विचारले. उत्तरात तीच माहितीपुस्तिका पुन्हा आली.

म्हणून, पूर्वी माझ्याकडे येऊन गेलेल्या आणि आता पुण्यात एका वृत्तसंकेतस्थळावर दुसरे वर्ष काम करणाऱ्या मुलाशी मी तिचे बोलणे करून दिले. त्याला हाती १८ हजार मिळत होते. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेच्या जागेचे, ७ हजार, मेसचे साडेतीन, गाडीच्या पेट्रोलचे दीड हजार. शिल्लक ६ हजार. गावाकडे बातमीदार म्हणून परत यावे तर परिस्थिती याहून बिकट, कारण तालुका प्रतिनिधीची कमाई बहुतेक ठिकाणी किरकोळ मानधन आणि जाहिरातींवरचे कमिशन एवढीच असते. वृत्तपत्रांसाठीच्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी केंद्र सरकारने २०११ साली अधिसूचित केल्या, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली त्या उचलून धरल्या, तरी नवी भरती पुष्कळशी कंत्राटी होते आणि तो पगार नवशिक्याच्या पदरात क्वचित पडतो. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात वजावट मिळते असे बँकेत आवर्जून सांगतात. पण १८ हजारांच्या पगारावर मुळात करच बसत नाही, तेथे वजावटीचा उपयोग काय?

"कमी पडतील तेवढे मी घालीन," असे वडील म्हणाले. मला सर्वांत जास्त काळजी याच वाक्याची वाटली. बागायतदाराच्या घरात पैसा येतो तो एप्रिल-मेमध्ये, एकदम. थ्रिप्स (फुलकिडे) पडले किंवा मोहोरावर अवकाळी पाऊस झाला तर तोही येत नाही. हप्ता मात्र ऑगस्टातही ठरल्या तारखेला कापला जातो. शिवाय पालक सहकर्जदार असल्यामुळे थकलेला हप्ता त्यांच्याही सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, चढतो, आणि पुढच्या हंगामाचे पीककर्ज मागायला गेल्यावर तो समोर येतो. हे ऐकून वडील गप्प झाले. मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. त्या संस्थेचा स्टुडिओ तिने पाहिला होता, तसा स्टुडिओ दुसरीकडे मिळणार नाही हे तिचे म्हणणे खरे होते, आणि मी ते खोडून काढले नाही.

दुसऱ्या भेटीला ती स्वतःच पर्याय शोधून आली. डोंबिवलीला मामा राहतात. तेथून जाता येईल अशा, मुंबई विद्यापीठाशी संलग्न एका महाविद्यालयात बीएएमएमसीची (मल्टिमीडिया आणि मास कम्युनिकेशनच्या पदवीची) फी वर्षाला सुमारे ३५ हजार होती. हा अभ्यासक्रम विनाअनुदानित असतो, म्हणून बी.ए.पेक्षा महाग, तरी पुण्याच्या मानाने परवडणारा. फी, लॅपटॉप, लोकलचा पास आणि वरखर्च धरून तीन वर्षांचे अडीच लाख झाले. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला साधारणतः तारण लागत नाही. काहीच न भरता थांबले तर सात वर्षांचा हप्ता ५,७०० च्या आसपास येतो. शिकतानाच व्याज भरत गेले तर ४,३०० पर्यंत उतरतो. तोवर एक शब्दही न बोललेल्या आईने पहिल्या वर्षीचे व्याज महिन्याला किती, ते विचारले. साडेसातशेच्या जरा वर, असे मी सांगितले.

"तेवढा मी आगळ विकून भरतंय," ती म्हणाली.

मोठे कर्ज नेहमीच चूक, असे माझे मत नाही. गुहागरकडच्या एका मुलाने दोन वर्षे बातमीदारी केल्यानंतर कॉर्पोरेट कम्युनिकेशनच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी कर्ज घेतले. आपल्याला काय जमते आणि त्याचे बाजारात किती मिळतात हे त्याला तोवर कळले होते, आणि त्याने ते मुदतीआधी फेडले. माझा ठोकताळा एवढाच आहे की व्याज धरून होणारे एकूण कर्ज पहिल्या नोकरीच्या वर्षभराच्या पगारापेक्षा जास्त नसावे, आणि तो पगार माहितीपुस्तिकेतून न घेता त्याच कामावर असलेल्या माणसाला विचारून धरावा. १८ हजारांच्या हिशेबाने वर्षाचा पगार सव्वादोन लाखांच्या आतच. अडीच लाखांचे कर्ज, शिकतानाच व्याज भरत गेले तर, हा ठोकताळा थोडक्यातच हुकवत होते, आणि न भरलेल्या व्याजासकट सव्वातीन-साडेतीन लाखांवर गेले तर त्या पगाराच्या दीडपटीच्या आसपास जात होते. १६ लाखांचे त्या पगाराच्या सातपट होते.

मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. महाविद्यालयातला कॅमेरा जुना आहे आणि तो आळीपाळीने वापरावा लागतो, अशी तिची तक्रार असते. मे महिन्यात गावी आली असताना कुणकेश्वरजवळच्या एका घरगुती निवासासाठी तिने छोटी चित्रफीत करून दिली आणि तिचे दीड हजार रुपये घेतले. पुढे पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये (विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागात) पदव्युत्तर शिक्षणासाठी जावे असे तिच्या मनात आहे. त्याआधी एक वर्ष नोकरी करायची आणि तोच कागद पुन्हा काढून पगाराच्या रकान्यात स्वतःचा आकडा लिहायचा, असे आमचे ठरले आहे.