ठोसेघरच्या रस्त्याला ज्या फळांनी हात शेंदरी होतो, ते झाड कोणतं? विषारी आहे का?

तुम्ही लिहिलंय की वाटाण्याएवढ्या लाल फळांचे घोस दिसले, हात लावला तर बोटांना शेंदरासारखी पूड लागली आणि ती पाण्याने निघेना. झाड विषारी आहे का, आणि त्याचं कुंकू होईल का?

वर्णनावरून ही शेंदरीच. एरंडाच्या कुळातल्या मॅलोटस प्रजातीतलं झाड. आपल्या घाटातल्या रानात भरपूर आहे. खात्री करायची तर पान उलटून बघा. खालची बाजू फिकट राखाडी, देठापासून तीन ठळक शिरा फुटलेल्या, आणि भिंगातून पाहिलं तर बारीक लाल ठिपके. फळ तीन फाकांचं, प्रत्येक फाकेत एक काळी बी. एरंडाचं कुळ म्हटलं की शेराचा चीक आठवून माणसं दचकतात, पण याचं पान तोडलं तरी दुधासारखा चीक येत नाही. हात साबणाने धुवा आणि तोवर डोळे चोळू नका, एवढं बास.

पोटात घेण्याचं मात्र वेगळं. हीच पूड आयुर्वेदातलं कंपिल्लक, काष्ठौषधीच्या दुकानातला कपिला. जंतांवर देतात, पण रेचक जोरदार आहे, मळमळही होते. 'झाडपाल्याचंच आहे की' म्हणून पोराबाळांना घरच्या घरी द्यायचा उद्योग अजिबात नको. गरोदर बाईने तर लांबच राहावं.

आता कुंकू. ही पूड म्हणजे फळावरच्या राळेसारख्या बारीक लाल ग्रंथी. थंड पाण्यात त्या विरघळत नाहीत, वर तरंगतात. कपिल्यात विटेची भुकटी मिसळलेली असेल तर ती तळाला बसते, भेसळ ओळखायची जुनी रीत हीच. रंग सुटायला क्षार लागतो. पाण्यात धुण्याचा सोडा घालून उकळलं की लालसर नारिंगी रंग उतरतो आणि तुरटी लावलेल्या रेशमावर झकास चढतो. सुतावर तेवढा बसत नाही. कुंकवाचा गडद लाल हवा असेल तर आपलं हळदीचंच बरं. माझ्या मते हिचा खरा मान रेशमावर. पूड साठवलीत तर चुलीपासून लांब ठेवा, ज्योतीवर उडाली की भपकन पेटते.

आणि पुन्हा गेलात तर शेजारच्या झाडाला फळं का नाहीत म्हणून कोड्यात पडू नका. हिच्यात नर-मादी झाडं वेगळी असतात, फळं फक्त मादीला.