व्हिडिओ गेमच्या इतिहासावर काय वाचावं? आधी एकाच गेमचं पुस्तक घ्या

तुम्ही विचारलंय की व्हिडिओ गेम आणि त्यांच्या इतिहासावरची चांगली पुस्तकं कोणती, प्रोग्रामिंग येत नसेल तर ती कळतील का, आणि सुरुवात कुठून करावी. सुरुवातीबद्दल माझं मत पक्कं आहे. सगळा इतिहास एका खंडात सांगणारं जाडजूड पुस्तक आधी घेऊ नका. तुम्ही स्वतः खेळलेला एखादा गेम निवडा आणि त्या एका गेमवरचं किंवा तो बनवणाऱ्या माणसांवरचं पुस्तक वाचा. सनावळ्या, कंपन्यांची नावं, कुणी कुणाला विकत घेतलं हे सगळं मग आपोआप त्याभोवती गोळा होत जातं.

नव्वदीत किंवा 2000 च्या आसपास महाराष्ट्रातल्या एखाद्या शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये तुम्ही बसला असाल, तर निवड सोपी आहे. 'प्रिन्स' आणि 'डेव्ह' हे दोन गेम तिथे कुणीतरी फ्लॉपीवरून टाकलेले असायचेच. दोन्हींच्या मागे फार चांगली पुस्तकं आहेत.

'प्रिन्स ऑफ पर्शिया' जॉर्डन मेकनर या तरुणाने जवळजवळ एकट्याने बनवला, आणि बनवताना तो रोजनिशी लिहीत होता. 1985 ते 1993 या काळातली ती रोजनिशी 'द मेकिंग ऑफ प्रिन्स ऑफ पर्शिया' या नावाने पुस्तकरूपात मिळते. मी सगळ्यात आधी हेच सुचवेन. बहुतेक इतिहास यश मिळाल्यावर मागे वळून लिहिलेले असतात, त्यामुळे प्रत्येक निर्णय शहाणपणाचा वाटतो. इथे पुढच्या आठवड्यात काय होणार हे लिहिणाऱ्यालाच माहीत नाही. कॉलेज संपलंय, 'कराटेका' हा आधीचा गेम चांगला चाललाय, आणि याला मनातून सिनेमाच्या पटकथा लिहायच्या आहेत. मधल्या काळात कित्येक महिने तो गेमला हातही लावत नाही. वाचताना आपला जीव वरखाली होतो.

राजपुत्र धावताना, उडी मारताना, कड्याला लोंबकळताना इतका खरा का वाटायचा, याचं उत्तर यात सविस्तर आहे. मेकनरने धाकट्या भावाला पांढरे कपडे घालायला लावून एका पार्किंगच्या जागेत पळायला आणि उड्या मारायला लावलं आणि त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं. मग ती टेप टीव्हीवर एकेका फ्रेमला थांबवून फोटो काढले, त्या प्रिंटवर मार्करने आकृती गिरवल्या आणि त्या कॉम्प्युटरमध्ये घेतल्या. तलवारबाजीसाठी 1938 च्या रॉबिन हूडच्या सिनेमातला काही सेकंदांचा तुकडा त्याच पद्धतीने वापरला.

त्याहून मला आवडते ती चौथ्या लेव्हलच्या आरशाची गोष्ट. आरशातून उडी मारली की पलीकडून एक काळा राजपुत्र निघून पळतो, आठवतंय? तो आला मेमरी संपल्यामुळे. गेममध्ये नायकाला कुणी प्रतिस्पर्धी नव्हता आणि त्यामुळे खेळायला मजा येत नव्हती. टोमी पिअर्स ही मैत्रीण त्याच्या मागे लागली होती की लढाई हवीच. पण शत्रूची वेगळी चित्रं ठेवायला मशीनमध्ये जागा उरली नव्हती. तेव्हा त्याने राजपुत्राचीच चित्रं एका बिटने सरकवून त्यांच्याच मूळ चित्रांशी एक्स-ऑर केली (दोन चित्रं ताडून फक्त फरक तेवढा ठेवणारी क्रिया), आणि पडद्यावर एक लकाकणारी काळी छाया उभी राहिली. नव्या चित्रांना लागली असती ती जागा वाचली. त्या एका युक्तीतून पुढची अख्खी गोष्ट सुचली: छायेवर वार केला तर घाव आपल्यालाच लागतो, आणि शेवटी तलवार म्यान केली तरच पुढे जाता येतं. यंत्राच्या मर्यादेतून कथा कशी जन्माला येते, हे इतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

गेम 1989 मध्ये ॲपल टू या कॉम्प्युटरवर आला तेव्हा त्या मशीनचेच दिवस भरत आले होते, आणि सुरुवातीची विक्री अगदी थंड होती. ती पानं वाचायला जड जातात. नंतर इतर मशीनवरच्या आवृत्त्यांनी त्याला तारलं. आपल्याकडे पोचली ती डॉसवरची, म्हणजे त्या काळच्या पीसीवरची, 1990 ची आवृत्ती. गेमचं संगीत मेकनरच्या वडिलांनी केलं होतं. मूळ प्रोग्रामच्या हरवलेल्या फ्लॉपीही 2012 मध्ये त्या वडिलांनाच घरातल्या एका खोक्यात सापडल्या.

आता 'डेव्ह'. 'डेंजरस डेव्ह' हा गेम जॉन रोमेरोने 1988 मध्ये लिहिला. त्याची आणि त्याचा प्रोग्रामर सहकारी जॉन कारमॅकची गोष्ट डेव्हिड कुशनरच्या 'मास्टर्स ऑफ डूम' (2003) या पुस्तकात आहे. आपल्या लॅबमधला डेव्ह पडद्याच्या कडेपर्यंत चालत जायचा आणि मग अख्खं दृश्य सरकायचं. मारिओसारखं सलग सरकत नसे. त्या काळच्या पीसीला ते झेपतच नाही असा सगळ्यांचा समज होता. 1990 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या श्रीव्हपोर्ट गावी सॉफ्टडिस्क कंपनीत नोकरी करताना कारमॅकने ते जमवलं. पडद्यावरचा जेवढा भाग बदललाय तेवढाच नव्याने काढायचा, ही त्यामागची कल्पना. मग तिथलाच सहकारी टॉम हॉल आणि कारमॅक यांनी एका रात्रीत 'सुपर मारिओ 3' ची पहिली लेव्हल पीसीवर हुबेहूब उतरवली, मारिओच्या जागी डेव्हला उभं केलं आणि ती फ्लॉपी रोमेरोच्या टेबलावर ठेवून दिली. सकाळी रोमेरोने ती लावून पाहिली तो प्रसंग या पुस्तकातला सर्वोत्तम आहे. निन्टेंडोने पीसीवर मारिओ आणायला नकार दिला, म्हणून या पोरांनी स्वतःचा 'कमांडर कीन' बनवला. तिथून त्यांची स्वतःची कंपनी आयडी सॉफ्टवेअर, 1992 चा 'वुल्फेन्स्टाइन 3डी' आणि 1993 चा 'डूम'.

कुशनर प्रसंग असे रंगवतो की आपण खोलीत बसून बघतोय असं वाटतं. मुलाखती भरपूर घेतल्यात, तरी काही संवाद कादंबरीच्या अंगाने गेलेत हे लक्षात ठेवून वाचा. रोमेरोचं आत्मचरित्र 'डूम गाय' 2023 मध्ये आलं. दोन्ही लागोपाठ वाचली तर एकच गोष्ट दोन बाजूंनी दिसते.

प्रोग्रामिंग येत नसलं तरी एक तांत्रिक पुस्तक मी आग्रहाने सुचवतो: निक मॉन्टफर्ट आणि इयन बोगॉस्ट यांचं 'रेसिंग द बीम' (2009). विषय एकच यंत्र, अटारी कंपनीचा 1977 चा कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र), जो पुढे अटारी 2600 म्हणून ओळखला गेला. त्याची कामाची मेमरी होती 128 बाइट. किलोबाइट नव्हे, बाइट. युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत एका देवनागरी चिन्हाला 3 बाइट लागतात, म्हणजे काना-मात्रा धरून 42 चिन्हं लिहिली की हे यंत्र भरलं. तुमचा प्रश्नसुद्धा त्यात मावला नसता.

एवढ्या जागेत पडद्याचं चित्र साठवून ठेवणं शक्यच नव्हतं. जुन्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे एकेक रेघ मारत वरून खाली यायचा. अटारीवर गेम लिहिणाऱ्याला प्रत्येक रेघेच्या वेळी, झोत तिथे पोचायच्या आत, आता काय काढायचं ते चिपला सांगावं लागे. एका रेघेसाठी प्रोसेसरला मिळायचे फक्त 76 ठोके, म्हणजे त्याच्या घड्याळाच्या 76 टिकटिक. शिवाय चिपला मुळात माहीत होत्या दोन खेळाडूंच्या आकृत्या, दोन गोळ्या आणि एक चेंडू, कारण ती टेबल टेनिससारखे आणि रणगाड्यांचे गेम डोळ्यांपुढे ठेवून बनवली होती. अशा यंत्रावर चार भुतांचा 'पॅक-मॅन' आणायचा तर भुतं आळीपाळीने काढावी लागली, आणि म्हणून ती सतत लुकलुकत राहिली. याच यंत्रावर 1982 मध्ये डेव्हिड क्रेनने 'पिटफॉल' मध्ये जंगलाची 255 दृश्यं बसवली. ती कुठेही साठवलेली नव्हती. एका छोट्याशा सूत्रातून ती दर वेळी नव्याने तयार व्हायची.

अटारी तेव्हा गेम बनवणाऱ्याचं नाव कुठेही छापत नसे. 'ॲडव्हेंचर' लिहिणाऱ्या वॉरन रॉबिनेटने त्यावर उपाय म्हणून गेममध्येच एक गुप्त खोली ठेवली. पार्श्वभूमीच्याच रंगाचा, एका पिक्सेलचा ठिपका शोधून तो योग्य जागी नेला की खोलीत त्याचं नाव झळकायचं. कंपनीला हे कळलं तेव्हा गेम बाजारात गेलेला होता. क्रेन आणि त्याचे तीन सहकारी तर 1979 मध्ये अटारीतून बाहेर पडले आणि त्यांनी ॲक्टिव्हिजन काढली. तिथे गेमवर बनवणाऱ्याचं नाव जायचं. गेम हे कुणाचं तरी लेखन असतं, ही जाणीव इथून सुरू होते, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा धागा आहे.

धंद्याची बाजू वाचायची असेल तर डेव्हिड शेफचं 'गेम ओव्हर' (1993) घ्या. क्योटोत 1889 मध्ये हानाफुदा हे जपानी पत्ते बनवायला निघालेली निन्टेंडो कंपनी अमेरिकेतल्या घराघरात कशी पोचली, याची ही कहाणी आहे. जत्रेतल्या ब्रिक गेमवर ज्यांनी विटा रचल्या त्यांनी यातला टेट्रिसचा भाग सोडू नये. अलेक्सेय पाजितनोव्हने 1984 मध्ये मॉस्कोत तो गेम बनवला. 1989 च्या फेब्रुवारीत त्याच्या हक्कांसाठी तीन वेगवेगळी माणसं एकाच वेळी मॉस्कोत होती आणि सोव्हिएत सरकारी संस्था प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलत होती. करारातल्या 'कॉम्प्युटर' च्या व्याख्येत कीबोर्ड आणि डिस्कचा उल्लेख घातला गेला, आणि तेवढ्याने एकाचे कन्सोलवरचे हक्क हातचे गेले. पाजितनोव्हला स्वतःला रॉयल्टी मिळू लागली ती थेट 1996 मध्ये. हीच गोष्ट बॉक्स ब्राउनने 'टेट्रिस' या चित्रपुस्तकात (2016) सांगितली आहे. घरात आठवी-नववीतलं मूल असेल तर त्याच्या हातात हे द्या. 'मास्टर्स ऑफ डूम' मधली भाषा त्या वयाला नको.

आजचे गेम कसे बनतात यासाठी जेसन श्रायरचं 'ब्लड, स्वेट, अँड पिक्सेल्स' (2017) पुरेसं आहे. दहा प्रकरणं, दहा गेम. एरिक बरोनने चारपेक्षा जास्त वर्षं एकट्याने बसून 'स्टार्ड्यू व्हॅली' चं चित्र, संगीत, प्रोग्राम सगळं केलं, तोवर घर प्रामुख्याने त्याच्या मैत्रिणीच्या कमाईवर चाललं. ते प्रकरण आधी वाचा. रात्रंदिवस काम करून माणसं पिळून निघण्याबद्दल श्रायर स्पष्ट लिहितो, आणि ते लिहायलाच हवं होतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये आणलेल्या 'राजी' वर कुणीतरी असंच एक प्रकरण मराठीत लिहावं, असं ते वाचताना मला सारखं वाटत होतं.

एवढं झाल्यावर मग सलग इतिहास. स्टीव्हन केंटचं 'द अल्टिमेट हिस्टरी ऑफ व्हिडिओ गेम्स' (2001) मुलाखतींनी भरलेलं आहे, पण नजर अमेरिकेवर जास्त. ट्रिस्टन डोनोव्हनचं 'रीप्ले' (2010) मला अधिक पटतं, कारण ब्रिटन आणि फ्रान्समधल्या घरगुती प्रोग्रामरनाही त्यात जागा आहे. 'कन्सोल वॉर्स' (2014) वाचायला मजेदार आहे, पण त्यातले संवाद लेखकाने पुन्हा रचलेले आहेत आणि बाजू निन्टेंडोची प्रतिस्पर्धी कंपनी सेगाची आहे. पुरावा म्हणून त्यातलं वाक्य कुठे देऊ नका.

ही सगळी पुस्तकं इंग्रजीत आहेत, तेव्हा भाषेबद्दलही सांगतो. सर्वांत सोपं 'आस्क इवाता': निन्टेंडोचे दिवंगत अध्यक्ष सातोरू इवाता यांचं बोलणं छोट्या छोट्या तुकड्यांत, मूळ जपानीतून अनुवादित. इंग्रजी वाचायची सवय सुटली असेल तर इथून हात साफ करा. श्रायर आणि कुशनर पत्रकार आहेत, त्यांची वाक्यं सरळ असतात. मेकनरच्या रोजनिशीत नोंदी लहान आहेत, पण माणसांची नावं खूप येतात. पहिल्या वीसेक पानांत ती वेगळ्या कागदावर टिपून ठेवा. 'रेसिंग द बीम' सगळ्यांत अवघड. तिथे यंत्राची ओळख करून देणारं पहिलं प्रकरण एकदा सावकाश वाचा, मधलं न कळलेलं तसंच सोडा, आणि सरळ 'ॲडव्हेंचर' व 'पिटफॉल' ची प्रकरणं उघडा.