वेव्ही एक्स्टेन्शन घेताना आधी केस बघा, वेव्ह नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्वतःचे केस खांद्याच्या जरा खाली, पातळ आणि हलके वेव्ही. 'शंभर टक्के मानवी केस' असं लिहिलेला २० इंची वेव्ही क्लिप-इन सेट (क्लिपने लावायचे जोडकेस) घेतला. सुरुवातीला एकदम झकास होता. तीन-चार वेळा धुतल्यावर मानेपाशी जटा व्हायला लागल्या आणि वेव्ह गेली. आता धड सरळही नाही आणि धड कुरळंही नाही. धुण्यात काय चुकलं, आणि पुढच्या वेळी टेप-इन (चिकटपट्टीने मुळाजवळ लावायचे केस) बसवून घ्यावेत का, हे तुम्हाला हवंय.

धुण्यात फारसं काही चुकलेलं नाही. कोमट पाणी, सौम्य शाम्पू, भरपूर कंडिशनर ही तुमची पद्धत ठीकच आहे. पाकिटावरचा मजकूरही बहुधा खरा असेल. केस मानवीच असतील, पण ते कसे गोळा केले आणि त्यांच्यावर काय काय प्रक्रिया झाली हे पाकीट सांगत नाही. वेव्ही सेट घेताना सगळ्यांचं लक्ष वेव्हकडे जातं आणि फसगत तिथेच होते. वेव्ह काय, कुठल्याही केसाला आणता येते.

केसाच्या बाहेरच्या थराला क्युटिकल म्हणतात. बारीक खवल्यांचा हा थर, आणि सगळे खवले मुळाकडून शेंड्याकडे झुकलेले. डोक्यावर प्रत्येक केसाचं मूळ वर आणि शेंडा खाली, त्यामुळे खवले एकमेकांत अडकत नाहीत. केस कापल्यावर हीच दिशा राखून बांधले तर त्यांना रेमी म्हणतात. कंगव्यात आलेले, झाडून गोळा केलेले केस असतील तर दिशेचा पत्ता नसतो, काही सुलटे, काही उलटे. असे केस ओले होऊन एकमेकांवर घासले की खवल्यात खवला अडकतो. लोकर गरम पाण्यात चोळली की आक्रसून तिचा घट्ट नमदा होतो, तसंच हे.

यावर उत्पादकांचा उपाय म्हणजे केस आम्लात बुडवून खवले झिजवून टाकायचे आणि वरून सिलिकॉनचा लेप द्यायचा. म्हणून नवा सेट हाताला भलताच गुळगुळीत लागतो. लेप काही धुण्यांत उतरतो आणि खाली उरतो तो कवच गेलेला, कोरडा केस. तुमचा अनुभव याच्याशी तंतोतंत जुळतो.

घरी करता येईल अशी एक परीक्षा सांगते. सेटमधला एक केस वेफ्टच्या (केस शिवून केलेल्या पट्टीच्या) शिवणीतून ओढून काढा आणि शिवणीकडचं टोक कुठलं ते लक्षात ठेवा. केसाचा त्यातल्या त्यात सरळ भाग अंगठा आणि तर्जनीमध्ये बोटांच्या लांबीच्या दिशेने धरा, आणि अंगठा हलक्या हाताने पुढेमागे चोळत राहा. खवले शाबूत असतील तर केस आपोआप एका बाजूला सरकायला लागतो, आणि ती बाजू नेहमी मुळाची असते. म्हणजे चांगल्या रेमी सेटमधला केस शिवणीकडच्या टोकाच्या दिशेने चालला पाहिजे. वेगवेगळ्या ठिकाणचे सात-आठ केस असे बघा. काही इकडे आणि काही तिकडे गेले तर दिशा मिसळलेली आहे. एकही जागचा हलत नसेल तर खवले काढून टाकलेले असण्याची दाट शक्यता. आधी स्वतःच्या डोक्यावरच्या एका केसावर करून बघा, म्हणजे काय दिसायला हवं ते कळेल. (पहिल्यांदा बघणाऱ्याला ही जादूच वाटते.)

केस जाळून बघायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलाच असेल. जळका वास आणि बोटाने चुरडली जाणारी राख म्हणजे मानवी केस, वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम धागा, एवढंच त्यातून कळतं. मिसळलेले धागे पकडायला ते बरं. रेमी आहे की नाही, याचं उत्तर त्यात नाही.

आता वेव्हकडे येऊ. केसातलं केराटिन हे प्रथिन मुख्यतः दोन तऱ्हेच्या बंधांनी आकार धरून ठेवतं. हायड्रोजनचे बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात, म्हणून गरम रॉडने आणलेली वेव्ह पहिल्या धुण्यात जाते. गंधकाचे बंध पक्के असतात. ते तोडून नव्याने जुळवायला पर्मची (केस कायमचे कुरळे करायची) रसायनं लागतात. ती वेव्ह टिकते, पण केस आतून कमजोर होतो. बाजारातले बहुतेक वेव्ही सेट या दोन्हींच्या मधले असतात, म्हणजे केस दांड्यांवर गुंडाळून वाफेने बसवलेले. वाफेची वेव्ह बरीच धुणी टिकते, हळूहळू सैल होत जाते, आणि केस मुळात चांगला असेल तर ही काही वाईट निवड नाही. बॉडी वेव्ह, लूज वेव्ह, डीप वेव्ह ही नावं साधारण या वाफेच्या साच्यांची आहेत. 'नॅचरल वेव्ह' हेसुद्धा अनेकदा साच्याचंच नाव असतं, तेव्हा त्या शब्दावर भाळू नका. जन्मजात वेव्ही केसांच्या जुडीत प्रत्येक बट थोडी वेगळी दिसते. सगळ्या लाटा एकसारख्या, एकाच उंचीवर सुरू होणाऱ्या असतील तर त्या वाफेच्या.

विक्रेता नमुन्याची बट देत असेल तर ती जरूर मागा. ओली करा, न विंचरता, हात न लावता वाळू द्या. वाळल्यावर जो आकार उरेल तीच तिची खरी वेव्ह. स्वतःचे केसही तसेच, काहीही न लावता वाळवा आणि मगच दोन्ही शेजारी धरा. वेव्ही केसांचे २ए, २बी, २सी असे पोटप्रकार करतात: २ए म्हणजे जेमतेम वाक, २सी म्हणजे मुळांपासूनच ठळक लाटा. तुमच्या वर्णनावरून तुम्ही २ए-२बीच्या दरम्यान आहात, म्हणजे सैल लाटांच्या बॉडी वेव्हच्या पुढे जाऊ नका. दाट लाटांची डीप वेव्ह लावलीत तर आपले केस कुठे संपले आणि सेट कुठे सुरू झाला ते लांबूनही कळेल.

लांबीबद्दल माझं मत जरा कडक आहे. तुमच्यासाठी २० इंच जास्तच होते. वेव्ही केसांची लांबी ताणून सरळ करून मोजतात, त्यामुळे २० इंची सेट अंगावर दोनेक इंच आखूड दिसतो आणि मग लोकांना वाटतं, अजून लांब घ्यायला हवा होता. पण वजन बघा. १२० ग्रॅमचा सेट १६ इंचांचा असेल तर भरदार दिसतो, तेच १२० ग्रॅम २० इंचांवर पसरले की शेंडे विरळ होतात. शिवाय केस जितके लांब, तितका मानेपाशी कॉलरशी घास जास्त आणि गुंता जास्त. १६, फार तर १८ इंच घ्या. शेंडे दाट हवे असतील तर डबल ड्रॉन विचारा. त्यात आखूड केस वेचून काढलेले असतात, म्हणून जुडी टोकापर्यंत जवळपास सारख्या जाडीची राहते. सिंगल ड्रॉन शेंड्याकडे निमुळता होतो. वेव्ही केसांत तो निमुळतेपणा खपून जातो, किंबहुना जास्त खरा वाटतो, त्यामुळे डबल ड्रॉनचा आग्रह धरायलाच हवा असं नाही.

रंग जुळवताना भांगापाशी नमुना धरू नका. सेट मिसळतो तो आपल्या केसांच्या खालच्या अर्ध्या भागात, आणि तो सहसा मुळांपेक्षा फिका असतो. खिडकीपाशी, दिवसाउजेडी बघा. दोन छटांच्या मध्ये अडकलात तर फिकी छटा टाळा असं बरेच जण सांगतात, मी उलट सांगेन. मानवी केस गडद करणं सोपं, पण फिके करणं म्हणजे ब्लीच, आणि एक्स्टेन्शनचे केस बहुधा एकदा ब्लीच होऊनच आलेले असतात. म्हणून फिकी छटा घ्या आणि गरज पडली तर गडद करून घ्या. गडद घेतलीत तर परतीची वाट नाही.

आता टेप-इन. पातळ केसांना टेप चपटी बसते आणि दिसत नाही, हे खरं. पण तुम्ही लिहिलंय की डोक्याला नियमित तेल लावता. तेल, कंडिशनर, सिलिकॉन सीरम यांतलं काहीही टेपच्या चिकटीला लागलं की ती सुटते. तेल सोडायची तयारी नसेल तर टेपच्या वाटेला जाऊ नका. शिवाय केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतात, म्हणून टेप दर सहा ते आठ आठवड्यांनी काढून वर बसवावी लागते. रोज ५० ते १०० केस आपोआप गळतात, त्यातले टेपमध्ये धरलेले तिथेच अडकून राहतात आणि टेप काढताना एकदम झुपका हातात येतो. त्याने घाबरू नका, पण मुदत उलटून टेप तशीच ठेवली तर मुळाशी जट होते. केराटिन बाँड (चिकटवलेल्या बटा), मायक्रो-रिंग (बारीक कड्यांनी अडकवलेल्या बटा), शिवलेले वेफ्ट (वेणीवर शिवलेल्या पट्ट्या) हे सगळे कसबी हातांचे प्रकार. पातळ केसांवर शिवणीसाठी घट्ट वेणी घालणं मला पटत नाही. मायक्रो-रिंगमध्ये धातू असतो, तेव्हा एमआरआय करायची वेळ आली तर आधी सांगायला विसरू नका.

तुम्ही क्लिप-इनवरच राहा. रात्री निघतात, टाळूला विश्रांती मिळते, तेलही चालतं. लावताना कानशिलाजवळचे आणि कपाळाच्या कडेचे नाजूक केस सोडून द्या. सततच्या ओढीने तिथलेच केस आधी विरळ होतात. त्याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात आणि तो लांबला तर केस परत येत नाहीत. डोकं दुखलं, त्वचा ताणल्यासारखी वाटली, बारीक पुळ्या आल्या तर सेट त्याच क्षणी काढायचा, समारंभ गेला खड्ड्यात. बाळंतपणानंतर किंवा आजारपणानंतर केस गळत असतील, टाळूवर काही त्वचाविकार चालू असेल, तर तेवढे दिवस एक्स्टेन्शन नकोच.

निगा राखण्यात वेव्ही केसांचा सरळ केसांहून एकच मोठा फरक आहे: कोरडे असताना ब्रश नाही. कोरड्या वेव्हवर ब्रश फिरवला की लाटा सुट्या होऊन नुसता फुगारा होतो. क्लिप-इन डोक्यावर असताना बोटांनीच सोडवा. कंगवा फिरवायचा तो धुताना, कंडिशनर केसांत असताना, मोठ्या दातांचा. वेफ्टची शिवण एका हाताच्या मुठीत घट्ट धरा म्हणजे ओढ टाक्यांवर येत नाही, आणि शेंड्यांपासून सुरुवात करून इंचाइंचाने वर या. वरून खाली ओढलात तर वाटेतल्या सगळ्या लहान गाठी एकत्र येऊन तळाशी एक मोठी होते.

धुवायचं किती वेळा? वापर झाला की धुणं हा अतिरेक आहे. या केसांना घाम आणि टाळूचं तेल फारसं लागत नाही. पंधरा-वीस वेळा वापरल्यावर, किंवा स्प्रे-जेलने चिकट झाले की धुवा. टाळूचं तेल लागत नाही याचीच दुसरी बाजू अशी की यांना वंगण बाहेरूनच द्यावं लागतं, म्हणून शाम्पू कमी आणि कंडिशनर जास्त. सल्फेट नसलेला शाम्पू पाण्यात कालवून वरून खाली एकाच दिशेने फिरवा, कपडे चुबकल्यासारखं चुबकू नका. पाणी जड असेल तर क्षार केसांवर बसून ते राठ होतात. अशा वेळी मधूनमधून कीलेटिंग (क्षार काढून टाकणारा) शाम्पू वापरा, आणि त्या दिवशी कंडिशनर दुप्पट.

वाळवताना पिळायचं नाही. टॉवेलात दाबून पाणी टिपा, शेंडे तळहातात घेऊन वरच्या बाजूला हलकेच चुरगळा म्हणजे लाट जागेवर येते, आणि सपाट पसरून वाऱ्यावर ठेवा. वेव्ह मरगळली असेल तर ओलसर असतानाच दोन-तीन सैल पेडांच्या वेण्या घालून पूर्ण वाळू द्या. रॉडची गरजच पडत नाही. रॉड वापरायचाच तर केस खडखडीत कोरडे हवेत. ओल्या केसावर तापलेला रॉड लावला की आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात पोकळ बुडबुडे होतात आणि तो तिथे तुटतो. तापमान १८० अंश सेल्सियसच्या खालीच ठेवा आणि आधी हीट प्रोटेक्टंट लावा. पोहायला जाताना सेट घरी ठेवा. झोपताना काढा. आर्द्रता राहिलेला सेट पिशवीत बंद करू नका, कुबट वास धरतो. पूर्ण वाळवून, वेफ्ट एकावर एक जुळवून सुती पिशवीत.

राहिला तुमचा जुना सेट. झिजलेले खवले परत येत नाहीत, कुठल्याही मास्कने नाही, जाहिरात काहीही म्हणो. जटा झालेले खालचे तीन-चार इंच कापून टाका, उरलेल्यावर सिलिकॉन सीरमचे दोन थेंब चोळा. थोडे दिवस बरा वागेल. क्लिप कुठे लावायची, किती घट्ट, कानामागे कुठे थांबायचं, याचा सराव त्याच्यावर करून घ्या. त्यातले रुंद वेफ्ट अंबाड्याच्या आत भरायला उत्तम, तिथे गुंता झाला तरी कुणाला दिसत नाही.