अंजिराच्या जातींची ऑनलाइन सूची घरी अंजीर लावणाऱ्यांच्या खरोखर उपयोगी पडावी, तर तीत काय बदलावं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या सूचीत तीनशेच्या आसपास नावं झाली आहेत, प्रत्येक नावाला एक फोटो आणि चार ओळींचं वर्णन आहे, आणि तरीही लोक पुन्हा पुन्हा दोनच गोष्टी विचारतात: 'माझ्या कुंडीतलं झाड हेच का?' आणि 'मी कोणतं लावू?'. मी वनस्पतिशास्त्र शिकलेलो नाही. पुण्यात गच्चीवर सतरा कुंड्या आहेत, आजोळ सासवडजवळ, तिथे मामांची अंजिराची बाग. शिवाय अशा सूच्या वाचून रोपं घ्यायची आणि तोंडघशी पडायचं, याचा बारा वर्षांचा अनुभव आहे. त्या जोरावर उत्तर देतोय.

माझ्याकडे 'ब्राउन टर्की'ची तीन झाडं आहेत. तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेली, तिन्हींवर तीच चिठ्ठी. एकाचं फळ लांबट मानेचं आणि तपकिरी, दुसऱ्याचं बुटकं, जवळजवळ काळं, आणि डोळा, म्हणजे फळाच्या बुडाचं भोक, एवढा उघडा की मुंग्यांना आमंत्रणच. तिसऱ्याला पाचव्या वर्षी फळ आलं तेव्हा मामा हसले आणि म्हणाले, "अरे, हे तर आपलंच पुण्याचं अंजीर!" पाच वर्षं मी त्याला टर्कीचा पाहुणा समजून जपत होतो.

यात सगळी चूक रोपवाटिकेचीच होती असं नाही. कॅलिफोर्नियात 'ब्राउन टर्की' म्हणून विकलं जाणारं अंजीर आणि इंग्लंडात त्याच नावाने लावलं जाणारं अंजीर ही मुळात दोन वेगळी झाडं आहेत. उलट इटलीतलं 'डोटाटो' कॅलिफोर्नियात गेलं आणि 'कडोटा' झालं. म्हणजे एका नावाखाली दोन झाडं आणि एका झाडाला दोन नावं, असा दोन्हीकडून गोंधळ. आयरा कॉन्डिट या कॅलिफोर्नियातल्या अभ्यासकाने 1955 साली अंजिराच्या जातींवर जो मोठा प्रबंध छापला, त्यात शेकडो जातींची वर्णनं आहेत आणि एकेका जातीखाली टोपणनावांची रांग आहे. आज हौशी मंडळींच्या बहुतेक सूच्या याच कामावर उभ्या आहेत. त्यात भर म्हणजे हल्ली कुणाच्याही परसातलं जुनं झाड नवं चकचकीत नाव लावून चढ्या भावाने विकलं जातं.

म्हणून माझं म्हणणं असं की सूचीचा पाया नाव ठेवू नका, झाड ठेवा. आत्ता तुमच्याकडे 'ब्राउन टर्की' हे एक पान आहे आणि दहा जणांनी पाठवलेली माहिती त्यात एकजीव झाली आहे. ती आता वेगळी करता येणार नाही, चहातून साखर काढता येत नाही तशी. त्याऐवजी प्रत्येक प्रत्यक्ष झाडाची स्वतंत्र नोंद करा आणि तिला क्रमांक द्या. झाड कुठल्या गावात आहे, कुंडीत की जमिनीत, किती वर्षांचं, कुणाकडून कोणत्या नावाने आलं, फाटे कलम (कापलेली काडी रुजवून केलेलं) की गुटी (फांदीला झाडावरच मुळं फोडून केलेली). नाव ही त्या नोंदीवरची एक चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर खात्रीचा दर्जा: 'विकणाऱ्याने सांगितलेलं', 'फळ पाहून जुळवलेलं', 'जुन्या संग्रहातल्या झाडाशी थेट नातं असलेलं'. जातीचं पान मग या नोंदींवरून आपोआप तयार होऊ द्या. माझ्या तिसऱ्या झाडासारखं एखादं उद्या पूना अंजीर, म्हणजे आपलं पुण्याचंच, निघालं, तर फक्त चिठ्ठी बदलेल, निरीक्षणं वाया जाणार नाहीत.

याच कारणासाठी 'ही दोन्ही एकच' असं कुणी सांगितलं की लगेच नोंदी एकत्र करून टाकू नका. 'एकच असावीत' असा दुवा जोडा आणि कशावरून ते लिहायला लावा. पान सारखं दिसतं हे कारण मी तरी चालवून घेणार नाही. एकाच झाडावर तीन पाळ्यांचं, पाच पाळ्यांचं आणि अजिबात न कातरलेलं अशी तिन्ही पानं मी एकाच दिवशी तोडली आहेत. त्यात मोझॅक विषाणू असेल तर पान पिवळ्या डागांनी वेडंवाकडं होतं, आणि हा विषाणू फाट्यांबरोबर पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतो. रोगट पानाचा फोटो जातीचं लक्षण म्हणून मिरवताना मी पाहिलाय.

आता सगळ्यात महागात पडलेली गोष्ट. 'कॅलिमिर्ना' या नावाचं रोप मी घेतलं. सूचीत वर्णन होतं: मधासारखं गोड, बदामासारखी चव, पिवळी साल. हे सगळं खरंच आहे. तीन वर्षं त्याला गोटीएवढी फळं लागायची आणि गळून जायची. पाणी कमी केलं, पाणी वाढवलं, शेणखत, हाडांचा चुरा, सगळं झालं. बायको म्हणाली नारळ फोडून बघा. शेवटी कळलं की ही स्मर्ना गटातली जात. तिच्या फळात परागण झालं नाही तर फळ टिकतच नाही, आणि ते परागण करणारी इवलीशी गांधीलमाशी आपल्याकडे नाही. आपल्या उंबरातही चिलटासारख्या माश्या असतात, पण त्या उंबराच्या, त्यांचं अंजिराशी काही देणंघेणं नाही. कॅलिफोर्नियात खुद्द हीच गत झाली होती. तुर्कस्तानातल्या स्मर्नाहून आणलेली झाडं तिथे वर्षानुवर्षं फळं गाळत राहिली. मग ती माशी ज्यांच्या फळांत वाढते ती नर अंजिराची झाडं लावून 1899 साली तिला तिथे रुजवलं, तेव्हा कुठे पीक हाती आलं आणि कॅलिफोर्निया अधिक स्मर्ना असं नवं नाव जन्मलं. ज्या सूचीत मी चव वाचली, तिथे 'माशी लागते' हे दोन शब्द खाली कुठेतरी कोपऱ्यात होते.

तेव्हा परागणाचा गट पानाच्या डोक्यावर, फोटोच्याही वर, ठळक लिहा. माशीशिवाय फळ देणारी साधी अंजिरं, माशीशिवाय फळ गाळणारी स्मर्ना, पहिलं पीक माशीशिवाय पण मुख्य पीक माशीनेच देणारी सान पेद्रो, आणि नर झाडं. आणि वाचणाऱ्याने आपलं ठिकाण भरलं की तिथे माशी आहे की नाही ते पाहून सूचीने सरळ सांगावं: 'इथे फळ धरणार नाही'. एवढं एक काम झालं तरी कितीतरी जणांची तीन-तीन वर्षं वाचतील.

या माशीचा फोटोंशीही संबंध आहे, आणि त्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. साध्या गटातल्या अंजिराला माशी लागत नाही, पण मिळाली तर परागण होतं, आणि मग गराचा रंग गडद होतो, फळ थोरलं भरतं, बिया दाताखाली कुरकुरतात. म्हणजे कॅलिफोर्नियातला लालभडक गराचा फोटो पाहून पुण्यातल्या माणसाने तेच झाड लावलं, तर त्याला फिकट गर मिळेल आणि तो म्हणेल, 'मला फसवलं'. प्रत्येक फोटोवर गाव, महिना आणि त्या भागात माशी आहे का एवढं हवंच. फोटो कसे काढायचे तेही ठरवून द्या: बाजूने एक, डोळ्याकडून एक, उभं कापून एक, शेजारी मोजपट्टी. फळ मान टाकून लोंबायला लागल्यावरच तोडलेलं असावं. अर्धकच्च्या फळाचा गर पाहून जात ठरवणं म्हणजे कैरी चाखून आंब्याची जात ओळखणं.

हंगामाचा रकाना तर मुळातून बदलायला हवा. परदेशी सूच्या 'ब्रेबा' आणि 'मुख्य पीक' असं विचारतात. आमच्या पुरंदरात कुणालाही विचारा, तो खट्टा बहार आणि मीठा बहार सांगेल. तुमच्या सूचीत मी पाहिलं तर कुणीतरी ब्रेबा म्हणजे खट्टा आणि मुख्य म्हणजे मीठा असं जुळवून टाकलंय. ते चुकीचं आहे. ब्रेबा म्हणजे गेल्या वर्षीच्या जुन्या काडीवर आलेलं फळ, मुख्य पीक म्हणजे नव्या फुटीवरचं. आमचे बहार ठरतात ते पाण्याचा ताण कधी दिला आणि छाटणी कधी केली त्यावर. मीठा बहार उन्हाळ्यात येतो, ऊन भरपूर, फळ गोड. खट्ट्याला पावसाळी हवा बाधते. दोन्हीत फळ बहुतेक छाटणीनंतरच्या नव्या फुटीवरच असतं. तेव्हा दोन वेगळे साधे प्रश्न विचारा: फळ जुन्या काडीवर की नव्या फुटीवर? आणि पिकलं कोणत्या महिन्यात? बाकी नावं ज्याची त्याला लखलाभ.

थंडी किती सोसते हा रकाना तुमच्याकडे आहे, तो युरोप-अमेरिकेतल्या वाचकांसाठी राहू द्या. पण आपल्याकडे अंजीर मरतं ते पावसाने. तांबेरा पडला की पानांच्या पाठीवर गंजासारखे ठिपके येतात आणि पंधरा दिवसांत झाड बोडकं. तांबेरा किती पडला, पावसात फळ तडकतं का, डोळ्यातून पाणी जाऊन आंबतं का, हे तीन रकाने वाढवा. डोळा घट्ट मिटलेला की उघडा यावर यातलं बरंच ठरतं. कोकणात किंवा गोव्यात कुंडी ठेवणाऱ्याला चवीच्या आधी हेच कळायला हवं.

चवीचे तारे मात्र काढून टाका. अगदी काढूनच. मामांच्या बागेतलं एप्रिलचं अंजीर आणि त्याच झाडाचं भर पावसातलं अंजीर एकाच माणसाला खायला दिलं, तर पाच तारे आणि एक तारा मिळेल, आणि सरासरी तीन येईल, जी कुठल्याच फळाची नाही. त्याऐवजी शब्द लिहू द्या, तारखेसकट. माझी एक नोंद आहे: 'मार्चअखेर, सकाळी तोडलेलं, गुळाच्या पाकासारखं, साल जरा चिवट'. हे वाचून निदान काहीतरी कळतं.

वर्णनाचे रकाने स्वतः शोधत बसू नका. 2003 साली अंजिराची लक्षणं कशी नोंदवायची याची एक आंतरराष्ट्रीय यादी प्रसिद्ध झाली आहे, रोमच्या वनस्पती जनुकसंपदा संस्थेने भूमध्य भागातल्या कृषी संस्थेबरोबर केलेली. ती संशोधकांसाठी आहे, अवाढव्य आहे. तिच्यातले पंधरा-वीस रकाने उचला, घरी उघड्या डोळ्यांनी दिसतील एवढेच. पण रंगांचे आणि आकारांचे शब्द तिच्यातलेच ठेवा, म्हणजे पुढे कुणाच्या नोंदींशी ताडून पाहता येईल. मराठी शब्द लोक वापरतात ते घ्या: देठ, मान, डोळा, साल, गर. 'फलमुखरंध्र' लिहिलंत तर रकाना रिकामाच राहील.

आपल्याकडच्या नावांचीही थोडी झाडलोट हवी. तुमच्या सूचीत 'पुरंदर' ही वेगळी जात दाखवली आहे. पुरंदरच्या अंजिराला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते त्या भागातल्या मालाला. झाड पूना अंजीरच. आणि पूना अंजीरसुद्धा एकसारखं नाही, दिवे, सोनोरी, राजेवाडी या पट्ट्यात जुनी माणसं 'अमक्याच्या विहिरीवरचं झाड' अशीच ओळख सांगतात आणि त्याचेच फाटे मागून नेतात. अशा झाडांना तुमच्या पद्धतीत जागा द्या, क्रमांकाने. 'दिनकर' आणि 'फुले राजेवाडी' या मात्र निवडून नाव दिलेल्या जाती, त्या वेगळ्या ठेवा. पूना अंजिराच्या खात्रीच्या फोटोंसाठी राजेवाडीजवळ जाधववाडीला अंजीर आणि सीताफळाचं संशोधन केंद्र आहे, तिथे विचारून बघा.

सुक्या अंजिराच्या बिया पेरून उगवलेली रोपं 'अफगाणी' या नावाखाली घालणं ताबडतोब बंद करा. सुकं अंजीर परागण झालेलं असेल तर बी उगवतं, पण ती संतती आईसारखी नसते, आणि त्यातली निम्मी झाडं नर निघतात. तुमच्या 'अफगाणी'च्या पानावर चार फोटो चार तऱ्हांचे आहेत ते म्हणूनच. 'बीपासूनचं' असा वेगळा विभाग करा, मजेचा आहे, काही चांगलंही निघेल.

शेवटचं, 'कुठे मिळेल' या रकान्याबद्दल. तिथे लोक परदेशी विक्रेत्यांचे दुवे टाकताहेत. झाडाचे फाटे परवान्याशिवाय भारतात मागवता येत नाहीत, 2003 सालचा वनस्पती विलगीकरणाचा आदेश आहे, आणि वर सांगितलेला मोझॅक असाच पाकिटातून येतो. परदेशी दुवे काढा आणि भारतात ते झाड कुणाच्या नोंदीत आहे ते दाखवा.

तीनशे नावं एकदम उलगडायला जाऊ नका. ज्यांच्याकडे फळ धरलेलं झाड आहे अशा तीस-चाळीस जणांच्या नोंदी या मीठ्या बहारात नव्या पद्धतीने घ्या. माझ्या सतरापैकी अकरांना फळ येतं. त्यातल्या चारांच्या नावाची मला खात्री आहे, बाकी सातांच्या पाट्या मी गेल्या आठवड्यात पुसून नुसते आकडे लिहिले. रकाने ठरले की कळवा, अकराही पाठवतो.